लायब्ररीचा धनी कोण? तीन सिस्टिमवर चालणारा एक प्रोग्रॅम

प्रश्न वेंगुर्ल्याहून आला आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. एक तरुण काजू कारखान्यासाठी प्रोग्रॅम लिहितोय. काजू बी आली की काट्यावरून थेट वजन घ्यायचं, गराची प्रतवारी नोंदवायची, बिल काढायचं आणि दिवस संपला की हिशेब सर्व्हरवर पाठवायचा. भाषा सी++, खिडक्या-बटणांसाठी क्यूटी, डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, सर्व्हरशी सुरक्षित बोलायला ओपनएसएसएल. या तिन्ही लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. काट्याजवळच्या जुन्या पीसीवर उबुंटू २०.०४, ऑफिसात विंडोज आणि मालकांच्या मुलीकडे मॅकबुक. लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. काट्यावर ‘जीलिबसी_२.३८ सापडत नाही’, विंडोजवर ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही’ (डीएलएल म्हणजे विंडोजवरची लायब्ररी फाइल) आणि मॅकवर होमब्रू या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या हत्याराच्या फोल्डरमधली कुठलीशी लायब्ररी सापडत नाही. शेवटी तो विचारतो, "काका, सगळं स्टॅटिक लिंक करून एकच फाइल केली तर ही कटकट संपेल का?"

नाही संपणार. का नाही ते पुढे येईलच. (स्टॅटिक म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच भरणं, डायनॅमिक म्हणजे ती वेगळी ठेवून प्रोग्रॅम चालताना जोडणं.) पण मी कुडाळात बसून गेली वीस वर्षं असलीच सॉफ्टवेअरं बांधतोय आणि माझं मत असं की स्टॅटिक की डायनॅमिक हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: या लायब्ररीचा धनी कोण? म्हणजे ती गिऱ्हाइकाच्या मशीनवर आणणार कोण आणि उद्या तिच्यात भोक सापडलं तर ते बुजवणार कोण? उत्तरं तीनच असतात. ऑपरेटिंग सिस्टिम, तू, किंवा कंपायलरवाल्याने (कंपायलर म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणारं हत्यार) दिलेला रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या त्याच्या लायब्रऱ्या. तुझे तिन्ही एरर एकाच कारणाने आलेत. तू ज्यांचा धनी ठरवला नाहीस, त्यांचा धनी तुझ्या नकळत तुझा लॅपटॉप झाला. आणि लॅपटॉप काही काट्यावर गेला नाही, फक्त तुझी फाइल गेली.

काट्यापासून सुरुवात करू, कारण तिथला एरर सगळ्यात जास्त शिकवून जातो.

लिनक्सवर (उबुंटू हे त्याचंच एक वितरण) जीलिबसी ही मूळ सी लायब्ररी सिस्टिमचीच. तिचा नियम असा की जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेल याची हमी नाही. तिच्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो आणि तू लिंक करतोस तेव्हा त्या वेळचा सगळ्यात नवा शिक्का तुझ्या फाइलमध्ये उमटतो. उबुंटू २४.०४ मध्ये जीलिबसी २.३९ आहे, २०.०४ मध्ये २.३१. तू म्हणशील, मी तर काही नवीन वापरलं नाही. खरंय, पण वापरावं लागत नाही. २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मूळ लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा शिक्का मिळाला. त्यामुळे २.३४ किंवा पुढच्या जीलिबसीवर बांधलेला अगदी दोन ओळींचा प्रोग्रॅमही २.३४ मागतो. आणि तुझा २.३८ कुठून आला? माझा अंदाज, आकडा वाचणाऱ्या स्ट्रटॉलसारख्या फंक्शनवरून. २.३८ पासून हेडर फाइल त्या नावाला गुपचूप नव्या सी मानकाच्या फंक्शनकडे वळवते आणि ते फंक्शन जुन्या मशीनवर नसतंच. काट्यावरून आलेलं वजन मजकुरातून आकड्यात बदलतोस ना? तीच ओळ असणार.

म्हणून फाइल रवाना करण्याआधी तिलाच विचारायचं. फाइलच्या पोटात काय आहे ते दाखवणाऱ्या ऑब्जडम्पला मोठ्या टी-चा पर्याय देऊन निघालेल्या यादीत जीलिबसी शोध आणि सगळ्यात मोठा आकडा बघ. तो काट्यावरच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर कारखान्यापर्यंतचं पेट्रोल वाचव.

यावर उपाय एकच, जुन्या घरात बांधायचं. लॅपटॉप बदलायची गरज नाही, डॉकरमध्ये (एका सिस्टिमच्या आत दुसरी वेगळी चालवायचं साधन) जुनी सिस्टिम उभी कर. मी आल्मालिनक्स ८ वापरतो. त्यात जीलिबसी २.२८ आहे, म्हणजे तुझ्या काट्यापेक्षाही जुनी, आणि सोबत जीसीसी-टूलसेट घेतला की कंपायलर मात्र नवा मिळतो. त्या टूलसेटची एक गोष्ट मला फार आवडते. सी++ च्या प्रमाण लायब्ररीतलं जे नवं आहे, तेवढंच तो तुझ्या फाइलमध्ये स्टॅटिक टाकतो, बाकी सिस्टिमच्या जुन्या लायब्ररीवर सोडतो. त्यामुळे नवं सी++ लिहूनही जुन्या मशीनवर चालतं.

काही जण इथे धाडस करतात आणि जीलिबसीच स्वतःबरोबर नेतात. तू करू नकोस. प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या लोडरचा पूर्ण पत्ता तुझ्या फाइलच्या पोटात कोरलेला असतो, म्हणजे लोडर त्या मशीनचाच येतो, आणि लोडर व जीलिबसी एकाच आवृत्तीचे असावे लागतात. एक तिथला आणि एक तुझा असं केलंस तर प्रोग्रॅम पहिल्या ओळीआधीच कोसळेल. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरशी बोलणारी लिबजीएल हीसुद्धा त्याच कारणासाठी त्या मशीनचीच राहू दे.

आता जीलिबसीचं मिटलं तरी काट्यावर पुढचा एरर तुझी वाट बघतोय: लिबएसएसएल.एसओ.३ सापडत नाही. ही ओपनएसएसएलचीच फाइल. उबुंटू २०.०४ वर ओपनएसएसएल १.१ आहे, तुझ्याकडे ३. इथे नावाच्या शेवटचा आकडा नीट समजून घे. त्याला एसओनेम म्हणतात. तुझ्याच धंद्यातलं उदाहरण घे. डब्यावर डब्ल्यू-३२० लिहिलं की घेणारा डबा फोडून मोजत बसत नाही, एका पौंडात ३०० ते ३२० गर असणार हे वचन त्या आकड्यातच आलं. एसओनेमचा आकडा म्हणजे लायब्ररी बनवणाऱ्याचं तसलंच वचन. तोच आकडा आहे तोवर जुने प्रोग्रॅम चालतील, आकडा बदलला म्हणजे जुनं वचन संपलं. म्हणून लिबएसएसएल.एसओ.१.१ ला सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) करून तिचं नाव ३ ठेवायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नकोस. तो डब्यावरचं लेबल बदलण्याचा प्रकार आहे. प्रोग्रॅम सुरू झालाच तर नको तिथे कोसळेल.

ओपनएसएसएल ३ ही तुझ्या मालकीची ठरली, म्हणजे ती तुझ्या पॅकेजमध्ये जाणार. पॅकेजची मांडणी साधी ठेव: एका बिन फोल्डरमध्ये प्रोग्रॅम, शेजारच्या लिब फोल्डरमध्ये लायब्रऱ्या. प्रोग्रॅमला ‘तुझ्या शेजारच्या लिबमध्ये बघ’ हे सांगायला रनपाथ असतो आणि ‘मी जिथे आहे तिथून’ याला डॉलर-ओरिजिन लिहितात. प्रोग्रॅम बांधायच्या सूचना सांभाळणाऱ्या सीमेकमध्ये हे इन्स्टॉल-आरपाथ म्हणून द्यायचं. विसरलास तर इन्स्टॉल करताना सीमेक तुझ्या बिल्ड फोल्डरचा आरपाथ पुसून टाकतं आणि मग ‘बिल्ड फोल्डरमधून चालतं, इन्स्टॉल केल्यावर नाही’ हे कोडं पडतं. मेकफाइलमध्ये लिहीत असशील तर डॉलरचं चिन्ह दोनदा आणि एकेरी अवतरणात, नाहीतर मेक किंवा शेल ते गिळून टाकतं.

इथे एक खाच आहे आणि तिच्यात मी स्वतः दोन दिवस अडकलो होतो. पूर्वी आरपाथ असायचा, आता उबुंटूसारख्या बऱ्याच वितरणांत लिंकर आपोआप रनपाथ लिहितो. दोन्ही दिसायला सारखे, पण आरपाथ हा पुढच्या सगळ्या साखळीला लागू होतो, रनपाथ फक्त थेट मागितलेल्या लायब्रऱ्यांना. म्हणजे तुझ्या प्रोग्रॅमने लिबएसएसएल मागितली, ती शेजारच्या फोल्डरमध्ये सापडली. लिबएसएसएलने लिबक्रिप्टो मागितली, ती त्याच फोल्डरमध्ये बसलेली आहे, तरी सापडत नाही, कारण तुझ्या प्रोग्रॅमचा रनपाथ लिबएसएसएलच्या मागणीला लागत नाही. सोबत नेलेल्या प्रत्येक लायब्ररीला तिचा स्वतःचा डॉलर-ओरिजिन द्यावा लागतो. पॅचएल्फ नावाच्या छोट्या हत्याराने ते एका ओळीत होतं आणि मी ते पॅकेज बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्येच घालून ठेवलंय.

लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या एलडी-लायब्ररी-पाथ या व्हेरिएबलने हे सगळं टाळता येतं असं तुला कुणीतरी सांगेल. शोधकामापुरतं वापर, गिऱ्हाइकाच्या मशीनवर ठेवू नकोस. ते व्हेरिएबल तुझ्या प्रोग्रॅमने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला वारशात जातं. मी एका आंबा बागायतदाराला दिलेल्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये पीडीएफ उघडायचं बटण होतं. बटण दाबलं की पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम लगेच मरायचा. एप्रिलचा महिना, वाशीला पेट्या जायच्या घाईत माणसं, आणि मी पीडीएफच्या फाइलमध्ये दोष शोधत बसलो. दोष फाइलमध्ये नव्हता. पीडीएफवाला बिचारा सिस्टिमच्या लायब्रऱ्यांऐवजी माझ्या फोल्डरमधल्या उचलत होता.

पेनड्राइव्हचंही सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे पावसात नेट गेलं की सगळं पेनड्राइव्हवरूनच जातं. लिनक्सवर एका लायब्ररीची तीन नावं असतात: पूर्ण आकड्याची खरी फाइल, एसओनेमची सिमलिंक आणि बिल्डपुरती बिनआकड्याची सिमलिंक. फॅट३२ किंवा एक्सफॅट पेनड्राइव्हवर सिमलिंक राहतच नाहीत. एकतर कॉपी अर्धवट होते किंवा एकाच लायब्ररीच्या तीन जाड्या प्रती बनतात. कायम टार फाइल करूनच ने.

आता जे यादीत दिसतच नाही त्याबद्दल. एलडीडी किंवा रीडएल्फ फक्त लिंक करताना नोंदवलेल्या लायब्रऱ्या दाखवतात. क्यूटी मात्र बरंच काही चालू झाल्यावर हात घालून उचलते, त्या भागांना प्लगइन म्हणतात: पडद्याशी बोलणारं एक्ससीबी प्लगइन, एसक्यूलाइटचं प्लगइन, सुरक्षित जोडणीचं प्लगइन. बऱ्याच तयार क्यूटीमध्ये ओपनएसएसएलसुद्धा अशीच ऐनवेळी शोधली जाते. म्हणून एलडीडी ‘सगळं सापडलं’ म्हणते आणि प्रोग्रॅम ‘एक्ससीबी प्लगइन लोड करता आलं नाही’ म्हणून बसतो. क्यूटी ६.५ पासून त्या प्लगइनला लिबएक्ससीबी-कर्सर ही लायब्ररी लागते आणि जुन्या मशीनवर ती नसते, हे त्याचं नेहमीचं कारण. तपासायला क्यूटी-डीबग-प्लगइन्स हे व्हेरिएबल १ करून प्रोग्रॅम चालव, कुठल्या फाइलपाशी अडलं ते छापून येतं. आणि एलडीडी चालवायची ती प्रोग्रॅमबरोबर प्रत्येक प्लगइनवरसुद्धा.

विंडोजकडे वळू. इथे आरपाथ ही भानगडच नाही. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे आधी शोध होतो, मग सिस्टिमच्या फोल्डरमध्ये, आणि सगळ्यात शेवटी पाथ व्हेरिएबलमध्ये. तुझ्या मालकीच्या डीएलएल प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवल्यास की निम्मं काम झालं. सीमेक ३.२१ पासून ‘या टार्गेटला लागणाऱ्या डीएलएल’ अशी यादी सीमेक स्वतः देतं, ती बिल्डनंतर कॉपी करायची. क्यूटीच्या फाइल्स आणि प्लगइन विनडिप्लॉयक्यूटी गोळा करतं. एमएसव्हीसीपी१४० ही मात्र तिसऱ्या धन्याची, म्हणजे कंपायलरच्या रनटाइमची. ती इंटरनेटवरच्या ‘डीएलएल मोफत डाउनलोड’ साइटवरून कधीही आणू नकोस. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल तुझ्या इन्स्टॉलरमध्ये घाल. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांना एकच रनटाइम पुरतो, फक्त तो तुझ्या कंपायलरइतका तरी नवा हवा. शेवटी डी असलेली एमएसव्हीसीपी१४०डी मागितली जात असेल, तर तू डीबग बिल्ड पाठवलायस. ती डीएलएल वाटायची परवानगीच नाही, रिलीज बिल्ड कर.

विंडोजचा एक संदेश माणसाला हमखास चुकवतो. प्लगइन लोड करताना १२६ नंबरचा एरर येतो, ‘मोड्यूल सापडलं नाही’, आणि नाव छापलं जातं प्लगइनचं. तू बघतोस, तर प्लगइन समोर आहे! हरवलेली असते ती त्या प्लगइनला लागणारी दुसरीच डीएलएल. अशा वेळी डम्पबिन (लागणाऱ्या डीएलएलची यादी देणारं हत्यार) डिपेंडन्ट्सच्या पर्यायाने त्या प्लगइनवरच चालव. दुसरा, शून्य-एक्स-सी-शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्य-७-बी असा आकडा दिसला तर बहुतेक वेळा ६४ बिटच्या प्रोग्रॅमने ३२ बिटची डीएलएल उचललेली असते.

मिंगडब्ल्यू या विंडोजवरच्या दुसऱ्या कंपायलरची आणि मायक्रोसॉफ्टची सी++ लायब्ररी एकत्र लिंक करू नकोस, त्यांचं सी++ एकमेकांना कळत नाही. आणि डीएलएलच्या सीमेवर एक शिस्त पाळ: ज्याने मेमरी घेतली त्यानेच ती सोडायची. दोन डीएलएलमध्ये दोन वेगळे रनटाइम असले की एकाने घेतलेली मेमरी दुसऱ्याने सोडताना प्रोग्रॅम कोसळतो. लिनक्सवर तीच चूक महिनोन्महिने खपून जाते, म्हणून ती शोधायला जड.

हे उलटही होतं. विंडोजवर डीएलएलमधलं फंक्शन तू मुद्दाम बाहेर काढल्याशिवाय बाहेर दिसत नाही, लिनक्सवर न सांगता सगळंच दिसतं. आणि एकाच नावाची दोन फंक्शनं असली की लिनक्सचा लोडर साधारणपणे पहिलं सापडलेलं सगळ्यांना देतो. तुझ्या लायब्ररीतलं ‘वजन_वाच’ दुसऱ्या कुणाच्या ‘वजन_वाच’च्या जागी बसू शकतं. कंपायलरला व्हिजिबिलिटी हिडन सांग आणि जेवढं द्यायचं तेवढंच उघडं ठेव. तिन्हीकडे वागणं एकसारखं होतं.

मॅकवर लायब्ररीचा पत्ता लायब्ररी स्वतःच सांगते. प्रत्येक लायब्ररीत तिचं इन्स्टॉल-नेम लिहिलेलं असतं आणि लिंक करताना तेच तुझ्या प्रोग्रॅममध्ये उतरतं. होमब्रूच्या लायब्ररीचं इन्स्टॉल-नेम होमब्रूच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता असतो. तो पत्ता इंटेल मॅकवर युझर-लोकल, तर अ‍ॅपल सिलिकॉन या नव्या प्रोसेसरवर ऑप्ट-होमब्रू. मालकांच्या मुलीकडे होमब्रू कशाला असेल? ओटूलला मोठ्या एल-चा पर्याय देऊन पत्ते बघ, मग इन्स्टॉल-नेम-टूलने ते अ‍ॅट-आरपाथवर, म्हणजे तुझ्या पॅकेजमधल्या फोल्डरवर, आण. क्यूटीपुरतं मॅकडिप्लॉयक्यूटी हे करून देतं. क्रम मात्र चुकवू नकोस. पत्ते बदलले की फाइलची डिजिटल सही मोडते आणि अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर त्याच प्रोसेसरसाठी बांधलेलं काही सहीशिवाय चालतच नाही. म्हणून आधी पत्ते, मग सही, आणि सहीनंतर एकाही फाइलला हात लावायचा नाही.

तरीही माझं म्हणणं, होमब्रूच्या लायब्रऱ्या वाटायच्याच नाहीत. त्या तुझ्या मॅकच्या आवृत्तीसाठी आणि त्याच्याच प्रोसेसरसाठी बांधलेल्या असतात, जुन्या मॅकओएसवर अडतात. डिप्लॉयमेंट टार्गेट (कमीत कमी कुठल्या मॅकओएसवर चालायला हवं ते) ठरवून आपणच बांधायच्या. आणि सिस्टिमच्या लायब्रऱ्या डिस्कवर शोधायला जाऊ नकोस. २०२० च्या बिग सरपासून त्या स्वतंत्र फाइल म्हणून दिसतच नाहीत, एका मोठ्या कॅशेत असतात. ‘फाइल आहे का’ तपासणारी जुनी स्क्रिप्ट त्यामुळे खोटं बोलते.

‘आपणच बांधायच्या’ म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा आला असेल. त्यासाठी लायब्रऱ्या आणून बांधून देणारी व्हीसीपीकेजी किंवा कोनन ही हत्यारं आहेत. मी व्हीसीपीकेजी वापरतो. कुठली लायब्ररी, कुठली आवृत्ती हे प्रोजेक्टमधल्या एका फाइलमध्ये राहतं, बेसलाइन (आवृत्त्यांचा ठरलेला संच) पक्की केली की आज आणि सहा महिन्यांनी तेच निघतं. एक गोष्ट मात्र ठाऊक असू दे: न सांगता सोडलंस तर व्हीसीपीकेजी ६४ बिट विंडोजवर डायनॅमिक बांधतं आणि लिनक्स-मॅकवर स्टॅटिक. म्हणजे एकाच प्रोजेक्टची तीन रूपं वेगळी, आणि एखादी चूक एकाच ठिकाणी दिसणारी. ट्रिपलेट (कुठल्या सिस्टिमसाठी कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) स्वतः लिहून तिन्हीकडे एकच धोरण ठेव. आणि डाउनलोड झालेले सोर्स व बांधलेल्या लायब्रऱ्यांची कॅशे एका बाहेरच्या डिस्कवर जप. जुलैत दोन दिवस लाईट नि नेट नसताना बिल्ड अडून राहणं मी अनुभवलंय, गिऱ्हाइकाला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

आता तुझा मूळ प्रश्न, सगळं स्टॅटिक. मॅकवर पूर्ण स्टॅटिक प्रोग्रॅम अ‍ॅपल मान्यच करत नाही. लिनक्सवर जीलिबसी स्टॅटिक केलीस तरी सर्व्हरचं नाव शोधणारं गेटअ‍ॅड्रइन्फो चालताना त्याच आवृत्तीच्या जीलिबसीच्या शेअर्ड फाइल्स मागतं, म्हणजे तुझी ‘एकच फाइल’ हिशेब पाठवताना अडणार. क्यूटी तू एलजीपीएल परवान्याखाली वापरत असशील, तर डायनॅमिक ठेवल्याने त्या परवान्याच्या अटी पाळणं सोपं जातं. स्टॅटिक केलीस तर गिऱ्हाइकाला दुसऱ्या क्यूटीशी पुन्हा लिंक करता येईल अशा ऑब्जेक्ट फाइल्स द्याव्या लागतात. झेडलिबसारखी छोटी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी लायब्ररी खुशाल स्टॅटिक कर. ओपनएसएसएलबद्दल विचार करून ठरव. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हे ओपनएसएसएलमधलं भोक बाहेर आलं, तेव्हा ज्यांनी सिस्टिमची ओपनएसएसएल वापरली होती त्यांचं काम एका अपडेटवर झालं. ज्यांनी पोटात घेतली होती, त्यांना प्रत्येक गिऱ्हाइकापर्यंत नवीन प्रोग्रॅम पोचवावा लागला. सोबत नेलीस म्हणजे ही जबाबदारी तू घेतलीस, आणि तुझ्या बाबतीत तरी ती घ्यावीच लागेल, कारण उबुंटू २०.०४ वर ३ येणार नाही आणि १.१.१ चा ओपनएसएसएलकडून मिळणारा मोफत आधार सप्टेंबर २०२३ मध्येच संपला. मग महिन्यातून एकदा तिची नवी आवृत्ती आली का बघायचं आणि आली तर काट्यावर जायचं. विंडोज आणि मॅकवर क्यूटीला त्या सिस्टिमचीच सुरक्षित जोडणी वापरू दिलीस, तर तिथला तो भार तेवढा हलका.

या सगळ्याची मी प्रोजेक्टमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवतो. लायब्ररीचं नाव, कुठल्या सिस्टिमवर, धनी कोण. पॅकेज झालं की एक स्क्रिप्ट प्रत्येक फाइल आणि प्रत्येक प्लगइन उघडून मागितलेल्या लायब्रऱ्या वाचते. यादीत नसलेलं एकही नाव निघालं तर बिल्ड नापास. कुठल्याशा छोट्या बदलाने नवी लायब्ररी आत शिरली तर मला ती गिऱ्हाइकाकडून नाही, त्याच दिवशी स्वतःच्या टेबलावर कळते. त्यानंतर कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर चालवून बघायचं. कोरं म्हणजे कंपायलर, क्यूटी, होमब्रू यातलं काहीच कधी न घातलेलं, आणि दर वेळी स्नॅपशॉटवरून परत कोरं केलेलं.

शेवटी एसक्यूलाइट. हे मुद्दाम मागे ठेवलं, कारण यात एरर येत नाही, थेट डेटा जातो.

रत्नागिरीकडच्या एका मच्छीमार संस्थेसाठी मी डिझेल वाटपाचा प्रोग्रॅम केला होता. किती नौका, कुणाला किती लिटर, कुणाचं किती उरलं. विंडोजवर वर्षभर बिनतक्रार चालला. मग संस्थेने पीसी लिनक्सवर आणले. जून-जुलैची मासेमारी बंदी संपली, १ ऑगस्टला नौका सुटल्या, डिझेलसाठी रांग लागली आणि पहिल्याच आठवड्यात एसक्यूलाइट म्हणाली, ‘डेटाबेस डिस्क इमेज मालफॉर्म्ड’. बॅकअपवरून परत उभा केला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मधल्या नोंदी कागदाच्या पावत्यांवरून रात्री बसून भरल्या. तांडेल लोक दारात उभे होते, त्यांचा माझ्यावरचा विश्वास डळमळलेला मला दिसत होता. त्याचं दुःख मला अजून आहे.

कारण असं होतं. प्रोग्रॅम क्यूटीच्या एसक्यूलाइट प्लगइनमधून नोंदी करायचा आणि त्या प्लगइनच्या पोटात एसक्यूलाइटची स्वतःची एक प्रत होती. बॅकअपसाठी मी एसक्यूलाइटला थेट हाक मारली होती, तीही स्टॅटिक लिंक करून. म्हणजे एकाच चालत्या प्रोग्रॅममध्ये एसक्यूलाइट दोन. लिनक्सवर फाइलचं कुलूप त्या चालत्या प्रोग्रॅमच्या नावावर लागतं, आणि त्या प्रोग्रॅमने तीच फाइल कुठूनही उघडून बंद केली की त्याची त्या फाइलवरची सगळी कुलपं निघतात. एसक्यूलाइटला हा पॉझिक्सचा (लिनक्ससारख्या सिस्टिम पाळतात ते मानक) नियम ठाऊक आहे. म्हणून ती आतल्या आत उघड्या फाइल्सची नोंद ठेवते आणि कुलूप असेपर्यंत फाइल बंद करणं लांबवते. पण ती नोंद एका प्रतीची. दुसरी प्रत तिला ओळखतच नाही. माझ्या बॅकअपने काम संपवून फाइल बंद केली, त्या क्षणी प्लगइनने लावलेलं कुलूप उडालं. शेजारी अहवाल काढणारा दुसरा प्रोग्रॅम त्याच फाइलमध्ये लिहायला टपलेलाच होता. दोघांनी एकदम लिहिलं. विंडोजवर कुलपाचा नियम वेगळा, म्हणून तिथे वर्षभर काही झालं नाही.

सोडवणूक म्हणजे एकच प्रत. क्यूटीचं प्लगइन सिस्टिम-एसक्यूलाइटच्या पर्यायाने बांधलं आणि ते व माझा कोड दोन्ही लिब फोल्डरमधल्या एकाच शेअर्ड लायब्ररीला जोडले. इथे स्टॅटिक हाच रोग होता. त्यानंतर डेटाबेस बिघडलेला नाही.

तू बिलांचा बॅकअप रोज घेतोस असं लिहिलंयस, कसा ते लिहिलं नाहीस. आज एवढं कर: प्रोग्रॅममधून थेट एसक्यूलाइटची आवृत्ती छाप आणि क्यूटीच्या क्वेरीतून सिलेक्ट एसक्यूलाइट-व्हर्जनने तीच विचार. आकडे वेगळे आले तर तुझ्याकडेही दोन प्रती आहेत. सारखे आले तरी निश्चिंत होऊ नकोस, सारख्या आवृत्तीच्या दोन प्रती असू शकतात. प्लगइनवर रीडएल्फ चालवून लिबएसक्यूलाइट३ चं नाव मागितलेल्यांत आहे का ते बघ. नसेल तर ती त्याच्या पोटात आहे. तसं असेल तर काट्यावरचा जीलिबसीचा एरर नंतर दुरुस्त कर, आधी बॅकअप बंद ठेव आणि प्रोग्रॅम पूर्ण बंद करूनच फाइलची प्रत घे.